ट्रम्पेटचा माउथपीस निवडताना या चुका टाळा

वरचे सूर लागत नाहीत म्हटलं की पहिला दोष माउथपीसवर, म्हणजे ट्रम्पेटच्या ओठांना लावायच्या तुकड्यावर येतो. मग कोणीतरी सांगतं, "उथळ कपाचा घे, आपोआप लागतील." (कप म्हणजे माउथपीसची वाटी.) नाशिकमध्ये शाळेच्या बँडपासून वरातीच्या बँडपर्यंत हा सल्ला सर्रास ऐकू येतो, आणि नव्या वादकाचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं.

उथळ कपाने आवाज धारदार होतो आणि वरच्या सुरांना थोडा हातभार लागतो, हे खरं आहे. पण ओठांनी आणि दमाने जो सूर अजून कमावलेला नाही, तो कप कमावून देत नाही. उलट खालचे सूर पातळ पडतात आणि पट्टी चढी लागू लागते.

खरी अडचण पुढे येते. दुकानात ओठ ताजे असतात, त्यामुळे सगळं छान वाटतं. मे महिन्यातल्या वरातीत तासभर सलग वाजवलं की ओठ सुजतात, कपात पुढे सरकतात आणि उथळ कपाच्या तळाला टेकतात. फुंक जात राहते, पण सूर मध्येच गप्प होतो. वादकाला वाटतं दम संपला. तो माउथपीस आणखी दाबतो, ओठांवर कडेचा लाल वळ उठतो आणि उरलेली वरात कशीबशी रेटावी लागते. असं होत असेल तर थकलेल्या ओठांनीच मध्यम कपाचा माउथपीस लावून बघा. सूर लगेच मोकळा झाला तर दोष कपाचा होता, दमाचा नव्हता.

म्हणून माउथपीस बघायला जायच्या आधी घरी अर्धा तास वाजवा आणि स्वतःचा ट्रम्पेट सोबत न्या. दुकानात आधी हळू आवाजात लांब सूर धरा, मग खालून वर जा, मग जिभेने झटपट सूर तोडून बघा. हळू वाजवताना सूर चटकन धरला जातो की आधी नुसती हवा येते, यावरून बरंच कळतं. जोरात तर जवळजवळ कुठलाही माउथपीस वाजतो.

आकड्यांचा घोळही भरपूर होतो. बाख कंपनीच्या माउथपीसवर आकडा जितका लहान, तितका कप रुंद. ७सी साधारण १६.२ मिलिमीटरचा, ३सी १६.३ चा, तर १½सी १७ चा. यामाहात नेमकं उलटं: आकडा वाढला की रुंदी वाढते. अक्षरांचंही तेच. बाखमध्ये ए म्हणजे खोल कप, यामाहात ए म्हणजे उथळ. बाखचा ७सी वापरणाऱ्याने "सातच द्या" म्हणून दुसऱ्या कंपनीचा सात उचलला, तर हातात भलतंच काही येईल. नवशिक्याने बाखचा ७सी किंवा ५सी, नाहीतर यामाहाचा ११बी४ घ्यावा आणि निदान वर्षभर तोच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. ऑर्केस्ट्रातले वादक वापरतात म्हणून थेट १½सी घेऊ नका. एवढा रुंद कप सांभाळायला तयार ओठ लागतात.

माउथपीस डुगडुगतोय म्हणून त्याच्या दांडीला (वाद्यात जाणाऱ्या टोकाला) कागद किंवा टेप गुंडाळणं, ही आणखी एक वाईट सवय. माउथपीस बसवून हलवून बघा. दांडी साधारण अडीच सेंटीमीटर आत जाऊन घट्ट बसली पाहिजे. हलत असेल तर बहुतेक तो कॉर्नेटचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्याच दुसऱ्या वाद्याचा आहे, कारण कॉर्नेटची दांडी बारीक आणि आखूड असते. टेपने डुगडुग थांबते, पण आत दांडीचं टोक आणि नळी यांच्यातलं अंतर बिघडतं आणि सूर जागेवर बसत नाहीत. इथे माउथपीस बदलणं हाच उपाय.

२६ जानेवारीच्या सकाळी संचलनाआधी सगळा बँड उतरलेला वाजतो, तेव्हा मात्र माउथपीसला बोल लावू नका. गार वाद्याची पट्टी उतरते, उन्हाळ्यात ती चढते. माउथपीस मुठीत धरून गरम करा, वाद्यात थोडा वेळ नुसती फुंक मारा आणि मगच ट्यूनिंग स्लाइड (पट्टी जुळवायची सरकती नळी) जुळवा.

जुना माउथपीस घेताना कडेवरचा मुलामा बघा. खालचं पितळ उघडं पडलं असेल तर काहींच्या ओठांना खाज सुटते, पुरळ येतं. कडेला खाच असेल तर घेऊच नका. बाकी मळ कोमट साबणपाण्याने आणि बारीक ब्रशने निघतो. अनेकदा "माउथपीस बंद झालाय" ही तक्रार तेवढ्यानेच मिटते.

आणि बसवताना वरून टपली मारू नका, हलकेच फिरवून बसवा. टपलीने तो अडकतो, मग लोक पक्कड लावतात आणि पुढच्या नळीचा डाक सुटतो. अडकलाच तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. माउथपीस ओढून काढायचं त्यांचं वेगळं हत्यार असतं, त्याने नळीला धक्का न लागता तो निघतो.