ऑनलाइन गाण्याच्या क्लासला बसताना

आमच्या गाणं शिकवणाऱ्या ताई पुण्याच्या, मी चिपळूणची, आणि बरोबर शिकणारी एकजण न्यू जर्सीत. रविवारी सकाळी सातला झूमवर क्लास. नवीन कुणी आलं की हौसेनं ताईंच्या आवाजात आवाज मिसळायला जातं. ते इथे जमत नाही, हे आधीच समजून घ्या. नेट कितीही चांगलं असो, आवाज पोचायला थोडा वेळ लागतोच. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. जाऊन-येऊन पाव सेकंद गेला तरी अर्धी मात्रा हुकली! ताई हातानं ताल देतात, तुम्ही त्यावर गाता. तुमच्याकडे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, बरोबर पडते आणि ताईंना तुम्ही मागे पडलेल्या ऐकू येता. मग दोघीही वैतागता.

म्हणून तानपुरा आणि तबला तुमच्याच खोलीत वाजू द्या. ताल आणि गाणं एकत्रच निघतात, त्यामुळे उशिरा पोचले तरी एकमेकांना धरून पोचतात. जुना फोन असेल तर त्यावर तानपुऱ्याचं अ‍ॅप घाला आणि हातभर लांब, हळू आवाजात ठेवा. स्वर क्लासच्या आधीच लावा: पेटीवरची काळी चार की काळी पाच ही पट्टी सा म्हणून धरायची, आणि तानपुऱ्यात सा बरोबर पंचम (प) वाजवायचा की मध्यम (म). मालकंस राग चालू असेल तर त्यात पंचम वर्ज्य, म्हणजे घेतच नाहीत, तिथे मध्यमाचा तानपुरा हवा. बाकीच्यांना ताटकळत ठेवून अ‍ॅपमध्ये खुडबुड करणं मला तरी बरं वाटत नाही.

आता खरी गोम. झूम मुळात बोलण्यासाठी केलेलं आहे. सतत चालणारा एकसुरी आवाज त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, आणि ते तो दाबतं. तानपुरा गायब होतोच, पण लांबवलेला षड्ज (सा) सुद्धा मधेच विरतो, आणि ताई विचारतात, "श्वास कमी पडला का गं?" सेटिंग्जमध्ये ऑडिओत जाऊन 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा. क्लास सुरू झाल्यावर स्क्रीनवरचं ओरिजिनल साउंडचं बटणही चालू आहे ना, ते बघा. तिथेच एको कॅन्सलेशन बंद करता येतं, पण ते इअरफोन असतील तरच; नाहीतर ताईंना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल. इअरफोन वायरचे घ्या. ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो, शिवाय उशीर वाढतो तो वेगळाच. एक कान मोकळा ठेवा, म्हणजे तानपुरा आणि स्वतःचा गळा दोन्ही ऐकू येतात.

फोन चौरंगावर, बसल्यावर चेहऱ्याच्या उंचीला ठेवा. ताईंना तोंड किती उघडतंय, मान ताठली का, हे दिसायला हवं. खिडकी पाठीमागे नको, नाहीतर नुसती काळी सावली दिसते.

लाईट जाण्यावर आमच्याकडे एकच तोड: राउटरला छोटा यूपीएस. तोही संपला तर मोबाइल डेटा चालू करायचा आणि कॅमेरा बंद. नुसत्या आवाजाला डेटा फारच थोडा लागतो.

परदेशातल्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावं. आपले सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे साडेनऊ, पण नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठ. मार्चमध्ये परत उलटं. आमच्याकडे या दोन महिन्यांत कुणी ना कुणी तासभर चुकतंच.

दुसऱ्याची पाळी असताना माइक बंद ठेवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तेव्हा गप्प बसू नका. माइक बंद म्हणजे गळा बंद नव्हे. ताई तिला जो पलटा (सरावाची स्वरांची रचना) देतील तो तुम्हीही मोकळ्या आवाजात घ्या; इथे चुकलं तरी ऐकायला कुणी नाही. प्रत्यक्ष क्लासमध्ये ही चैन मिळत नाही. अडलं तर हात वर करायचं बटण दाबा आणि पाळीची वाट बघा. रेकॉर्डिंग मात्र ताईंना विचारल्याशिवाय करू नका, आणि केलंत तर ते घरच्या रियाजापुरतंच ठेवा.