न्यूरो सुरू करताय? आधी बाजू कुठे बदलते ते पाहा

न्यूरो, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचा विषय, सुरू झाली की अर्धा वर्ग गांगरतो. उरलेला अर्धा गांगरल्याचं दाखवत नाही, एवढाच फरक. त्यामुळे पुस्तक उघडलं की पोटात गोळा येत असेल तर तुम्ही एकटे नाही.

चेतापेशी, सायनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा), अ‍ॅक्शन पोटेन्शियल (पेशीतून धावणारा विजेचा संदेश, म्हणजेच इम्पल्स) हे जमतं. शांत पेशीच्या आत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास, मग सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड अ‍ॅक्सॉनवरून (चेतापेशीच्या लांब तंतूवरून) मांडलेलं गणित पाठ करायची गरज नाही. एका इम्पल्सने पेशीतलं आयनांचं प्रमाण जवळपास हलतच नाही, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे सरका.

खरा खड्डा ट्रॅक्ट्समध्ये, म्हणजे मेंदू आणि शरीर जोडणाऱ्या तंतूंच्या वाटांमध्ये, आहे. तिथे मी पडलोय, म्हणून जरा लांबण लावतो. ‘उजवा मेंदू डावं अंग सांभाळतो’ हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर राहिलात की मज्जारज्जूच्या पहिल्याच केसमध्ये तोंडघशी पडाल. बाजू बदलते हे सगळ्यांनाच माहीत असतं. विचारतात ते कुठल्या पातळीवर बदलते हे.

हालचालीचा कॉर्टिकोस्पायनल मार्ग वरून खाली येताना मेड्युलाच्या (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला भाग) खालच्या टोकाला बाजू बदलतो. ८० ते ९० टक्के तंतू तिथेच पलीकडे जातात. कंपन आणि सांध्यांची स्थिती सांगणारा डॉर्सल कॉलम ज्या बाजूने आला त्याच बाजूने वर चढतो आणि मेड्युलात पोचल्यावर बदलतो. वेदना आणि तापमानाचा स्पायनोथॅलॅमिक मात्र तेवढं थांबत नाही. मज्जारज्जूत शिरला की एकदोन सेगमेंटमध्येच (मज्जारज्जूच्या टप्प्यांतच) पलीकडे. सगळा घोळ या तिसऱ्यामुळे होतो.

आता छातीच्या पातळीवर मज्जारज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग कापला गेलाय असं धरा. उजवा पाय लुळा. उजव्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क टेकवला तर थरथर कळत नाही, पण त्याच अंगठ्याला टाचणी टोचली की पेशंट पाय ओढू शकत नसला तरी “दुखतंय” म्हणतो. डावा पाय ठणठणीत हलतो, फोर्कही कळतो, आणि टाचणी टोचली तर नुसतं काहीतरी लागल्यासारखं वाटतं. एकाच जखमेत दोन पायांचे दोन वेगळे हिशेब. एकोणिसाव्या शतकात ब्राऊन-सेकार यांनी हेच दाखवून दिलं, म्हणून सिंड्रोमला त्यांचं नाव.

हे वाचून कळल्यासारखं वाटेल. फसू नका. कोरा कागद घ्या, तीन रंगांत तीन रेघा कॉर्टेक्सपासून (मेंदूच्या बाहेरच्या थरापासून) पायापर्यंत ओढा आणि वेगवेगळ्या उंचीवर आडवी काट मारून काय गेलं ते बोलून दाखवा. पुस्तकातली आकृती गिरवायची नाही. तिथे हात चालतो, डोकं नाही. सेरेबेलमचे (लहान मेंदूचे) तंतू काढलेत की कळेल, तिथे दोनदा बाजू बदलते, म्हणून बिघाड त्याच बाजूला दिसतो.

निमॉनिक्सबद्दल (पाठांतराच्या क्लृप्त्यांबद्दल) माझं मत वाईट आहे. क्रेनियल नर्व्ह्जच्या (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांच्या) क्रमापुरते ठीक, ट्रॅक्ट्सना बिलकूल नाही. सीनियरच्या नोट्स तर परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठीच. आणि शिकवणारा असा शोधा जो उत्तर सांगायच्या आधी “काढून दाखव” म्हणतो. असे लोक चिडके असतात. चालवून घ्या.

पहिले काही आठवडे रेघा चुकतच राहतील, त्याचं मनावर घेऊ नका. मग एखाद्या केसमध्ये ‘डावीकडे टाचणी कळत नाही, उजवा पाय लुळा’ एवढं वाचूनच हात मज्जारज्जूच्या उजव्या बाजूला जाईल. क्रेनियल नर्व्ह्ज त्यानंतर घ्या, आणि चौथीपाशी सावकाश: बारांपैकी ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) मागून बाहेर पडणारी ती एकटीच, आणि तीही बाजू बदलून.