जाळ्यात आलेले कासव निपचित असेल, तर काय करावे?

कोळंबीसाठी ओढलेले ट्रॉलचे जाळे वर घेतले की कधीकधी मासळीच्या ढिगातून कासव निघते. त्याची मान लोंबकळत असते, डोळे अर्धवट मिटलेले असतात, आणि ते मेले असे समजून खलाशी ते लगेच समुद्रात टाकून देतात. हीच चूक आपल्याला टाळायची आहे. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात कोंडल्यामुळे त्याला वर येता येत नाही आणि ते बेशुद्ध पडते. त्या अवस्थेत ते पुन्हा पाण्यात गेले, तर तोवर जिवंत असलेला जीव बुडून मरतो.

कोकण किनाऱ्यावर आढळणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाचे वजन 35 ते 50 किलोपर्यंत भरते, म्हणून ते दोघांनी मिळून कवचाच्या कडांना धरून उचलावे. पायांना धरून ओढू नये आणि आकडा तर मुळीच लावू नये. ते चांगले हालचाल करत असेल, तर लगेच सोडावे. निपचित असेल, तर पापणीला हलकेच बोट लावून आणि शेपटीला चिमटा काढून प्रतिसाद मिळतो का ते पाहावे.

प्रतिसाद नसल्यास कासवाला पोटावरच ठेवावे. उताणे केल्यास आतल्या अवयवांचा भार फुप्फुसांवर पडतो. मागच्या भागाखाली जुन्या जाळ्याची घडी किंवा फळी सारून तो निदान 15 सेंटीमीटर उंच करावा, म्हणजे फुप्फुसांत शिरलेले पाणी तोंडावाटे निथळते. मधूनमधून कवचाची एक बाजू सात-आठ सेंटीमीटर उचलावी, खाली ठेवावी, मग दुसरी उचलावी. अंगावर ओले फडके टाकावे, नाकपुड्या मात्र उघड्या राहू द्याव्यात. पाण्याने भरलेल्या टाकीत ठेवणे म्हणजे पुन्हा बुडवणेच होय. शुद्धीवर यायला काही तास लागतात. किमान 4 तास आणि शक्य असेल तर 24 तासांपर्यंत वाट पाहावी. मासळी निवडण्याचे आणि बर्फ घालण्याचे काम चालू असताना ते एका कडेला सावलीत पडून राहिले, तर कोणाचेही काही अडत नाही, असे मला मनापासून वाटते.

सोडताना जाळे पाण्यात नसावे आणि इंजिन न्यूट्रलवर असावे. कासवाला पाण्याजवळून अलगद सोडावे आणि ते नौकेच्या पंख्यापासून (प्रोपेलरपासून) दूर गेल्याची खात्री झाल्यावरच नौका पुढे काढावी.

जाळे प्रत्येक वेळी कमी वेळच ओढले, तर अशी वेळ क्वचितच येते. याहून खात्रीचा उपाय म्हणजे कासव बाहेर पडण्यासाठी जाळ्यात बसवायची चौकट, जिच्या दांड्यांमधून कोळंबी मागे जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून निसटते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडील ट्रॉलरसाठी अशी चौकट तयार केली आहे. ती नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने 2019 मध्ये भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली, म्हणजे प्रश्न आपल्या पोटाशीही जोडलेला आहे.

जाळ्यात व्हेल शार्क हा प्रचंड मासा अडकला, तर पद्धत वेगळी आहे. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, म्हणून त्याला पाण्याबाहेर काढू नये, शेपटीला दोर बांधून ओढू नये. पाण्यातच जाळे कापावे. कापण्यापूर्वी मोबाइलवर जनावराचे, आणि नंतर फाटलेल्या जाळ्याचे छायाचित्र अवश्य घ्यावे. संरक्षित सागरी जीव सोडताना झालेल्या जाळ्याच्या नुकसानीसाठी महाराष्ट्रात 2018 मध्ये 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना सुरू झाली, आणि राज्याच्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करताना हाच पुरावा लागतो.