झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर येणारा व्हायरस

बेळगाव असो, खानापूर वा निपाणी, उताऱ्याची नाहीतर कॉलेजच्या फॉर्मची प्रिंट काढायला आपण पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो. त्या कॉम्प्युटरला दिवसभरात कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागतात, आणि त्यातला व्हायरस आपल्याबरोबर घरी येतो.

१. दुकानासाठी एक छोटा पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा. त्यात फक्त प्रिंटची पीडीएफ. घरचे फोटो, हिशेब त्यात कधीच नकोत.

२. घरच्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोप्ले' (पेनड्राइव्ह लावताच आपोआप काहीतरी उघडणारी सोय) शोधून बंद करा. हे एकदाच करायचं.

३. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग फोटोसारखं चित्र दिसत असलं तरी नावाच्या शेवटी 'ईएक्सई' (.exe) असलेली, म्हणजे प्रोग्राम चालवणारी फाइल लगेच ओळखू येते. अशी फाइल उघडूच नका. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पायरी हीच.

४. पेनड्राइव्ह लावल्यावर आधी त्यावर राइट क्लिक करून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटीव्हायरसने स्कॅन करा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'खाली सापडू शकतो. डिफेंडर विंडोजमध्येच येतो, वेगळे पैसे लागत नाहीत.

दुकानातून परत काही आणायचं नसेल तर पेनड्राइव्ह सरळ फॉरमॅट करून टाका.

मात्र फोल्डरच्या जागी बाण असलेले शॉर्टकट दिसले, तर घाबरून फॉरमॅट करू नका आणि त्यांवर क्लिकही करू नका. मूळ फाइली बहुतेक वेळा पेनड्राइव्हमध्येच लपवलेल्या असतात. स्कॅन झाल्यावर जाणकाराकडून त्या परत काढता येतात.