लॉन ट्रॅक्टरवर हाडं खिळखिळी होतायत? या चुका टाळा

अमेरिकेत शहराबाहेर एक-दोन एकरांचं घर घेतलेल्या आपल्या मंडळींची उन्हाळ्यात एक तक्रार हमखास असते: बसून चालवायच्या लॉन ट्रॅक्टरने गवत कापून उतरलं की कंबर धरते. मग जाड गादी मागवली जाते, नाहीतर थेट मोठ्या ट्रॅक्टरची चौकशी सुरू होते. त्याआधी टायरमधली हवा मोजा.

साध्या लॉन ट्रॅक्टरला मोटारीसारखं सस्पेन्शन नसतं. पुढचा ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) मधल्या पिनेवर झुलतो, मागचा चॅसीला घट्ट बसवलेला असतो. धक्का गिळणार ते टायर आणि सीटखालच्या स्प्रिंगा. त्यातच वाहतुकीच्या सोयीसाठी अनेक नव्या ट्रॅक्टरचे टायर कारखान्यातून जास्त फुगवून येतात आणि लोक ते तसेच वर्षानुवर्षं चालवतात. काही जण तर मोटारीच्या हिशेबाने ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात! एवढी हवा भरलेला टायर दगडासारखा उसळतो. बऱ्याच मॉडेलना पुढे साधारण १४ आणि मागे १० पीएसआय पुरते. तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल, तोच धरा. मोटारीचा गेज इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा घ्या आणि टायर थंड असताना मोजा.

मऊ बसावं म्हणून हवा फार उतरवणंही चुकीचं. उतारावर वळताना असा टायर रिमवरून सुटू शकतो. डाव्या-उजव्या टायरमध्ये फरक राहिला तर कटिंग डेक (पाती बसवलेला खालचा भाग) तिरका होतो आणि गवत एका बाजूला आखूड कापलं जातं. त्यामुळे हवा बदलली की डेकची पातळी पुन्हा तपासायची, तीही इंजिन बंद करून आणि स्पार्क प्लगची वायर काढून.

आता सर्वांत धोक्याची चूक. खड्ड्यात आपटून तुम्ही सीटवरून उचलले जाता आणि इंजिन बंद पडतं. हा बिघाड नाही. सीटखालचा सेफ्टी स्विच माणूस पडला असं समजून पाती थांबवतो. वैताग येतो, हे खरं, पण म्हणून तो स्विच जोडतारेने बायपास करू नका. ट्रॅक्टर उलटला किंवा तुम्ही खाली पडलात तर फिरत्या पात्यांपासून वाचवणारा तोच आहे. वेग कमी करा. सीटच्या स्प्रिंगा मागेपुढे सरकवता येत असतील तर आपल्या वजनाप्रमाणे बसवा. एवढं करूनही इंजिन अडखळत असेल तर स्विच आणि त्याचं कनेक्शन तपासून घ्या.

पुढच्या ॲक्सलच्या पिनेला ग्रीस नसेल तर ॲक्सल झुलतच नाही आणि प्रत्येक उंचवटा सगळं धूड हलवतो. ग्रीस भरायचं निपल (छोटं तोंड) दिसत असेल तर ग्रीस गन लावायला दोन मिनिटं पुरतात.

मूळ दुखणं मात्र जमिनीत असतं. चिचुंद्रीसारखे मोल माती उकरून ढिगारे करतात, थंड प्रदेशात हिवाळ्यात गोठून माती वर उचलली जाते, आणि बाकीचं काम आपली चाकं करतात: ओल्या जमिनीवर, दर वेळी त्याच वाटेने. गवत सुकल्यावरच कापा, दिशा बदलत राहा. उतारावर मात्र वर-खालीच चालवा, आडवं नको. तिथे दिशा बदलण्याचा हट्ट धरू नका.

जड रोलर फिरवून उंचवटे दाबायचा मोह अनेकांना होतो. त्याने माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. उथळ खळग्यात चाळलेली माती आणि कंपोस्ट एका वेळी अर्धा इंचच पसरा, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. फेस्क्यू, ब्लूग्रास या थंड भागातल्या गवतांना हे सप्टेंबरच्या सुमारास मानवतं. दक्षिणेकडच्या बर्म्युडा गवताला उन्हाळ्याच्या सुरुवातीला. खोल खड्ड्यात वरून माती ओतू नका, खालचं गवत मरतं. फावड्याने गवताचा थर मुळांसकट उचला, खाली माती भरून दाबा, थर परत बसवा आणि तो रुजेपर्यंत रोज पाणी घाला. तोवर तिथून ट्रॅक्टर नेऊ नका.