निवाड्यात विसरलेली विहीर

कालव्यासाठी आमची जमीन गेली. निवाड्यात, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, जमिनीचा दर होता, पण वडिलांनी खोदलेली विहीर अन् बांधावरचे ११ आंबे कुठेच नव्हते. संपादनाआधी झालेल्या संयुक्त मोजणीच्या पत्रकात विहीर-झाडांचा रकानाच कोरा! पैशांची गरज होती, हक्कही सोडायचा नव्हता. म्हणून पावतीवर सहीच्या वर ठळक लिहिलं, ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’. असा निषेध न नोंदवता पैसे घेतले, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ खाली दाद मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त ६ आठवडे, हे आधी बघा. अर्जाला विहिरीची नोंद असलेले जुने सातबारे आणि मोटारीची वीजबिलं जोडली. भरपाईचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणानं विहीर, झाडं दोन्ही धरली. वर १०० टक्के दिलासा रक्कमही (जमीन सक्तीनं गेल्याबद्दल भरपाईवर मिळणारी जादा रक्कम) मिळाली.