हेडशॉटच्या आधीचे पंधरा दिवस

आमच्या नाटकाच्या ग्रुपमधले तिघं जण यंदा पहिल्यांदाच हेडशॉट, म्हणजे काम मिळवायला पाठवतात तो चेहऱ्याचा फोटो, काढून घेताहेत. पुरुषोत्तम करंडक झाला, फिरोदिया करंडक झाला, म्हणजे कॉलेजच्या स्पर्धा झाल्या, आता मालिका आणि जाहिरातींसाठी मुंबईला प्रोफाइल पाठवायचंय. तालमीनंतर चहाच्या टपरीवर तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी मला तयारीबद्दल तेच प्रश्न विचारले, म्हणून सगळं एकदाच सलग लिहून ठेवतेय. तुमच्यापैकी कुणाची तारीख ठरली असेल तर आजपासूनच सुरुवात करा.

आधी हा फोटो कशासाठी आहे ते मनाशी पक्कं करा. स्थळासाठी काढतात तसला हा फोटो नाही. कास्टिंग करणाऱ्या, म्हणजे भूमिकेसाठी नट निवडणाऱ्या माणसाला फोटोतली व्यक्ती आवडली, म्हणून त्याने बोलावलं, तर दारातून तीच व्यक्ती आत यायला हवी. माझ्या पहिल्या फोटोंत तेच चुकलं होतं. डाव्या भुवईवर लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण आहे, ती एडिटिंगमध्ये पुसली गेली आणि रंग चांगला दोन छटा उजळ झाला. घरी सगळ्यांना फोटो फार आवडले. अंधेरीला आरामनगरमध्ये ऑडिशनला गेले, तर समोरच्या बाईंनी मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत मोबाइलकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुमचेच फोटो ना?" सीन मी चांगला केला, पण त्यांनी बोलावलेली मुलगी मी नव्हतेच. पुण्याहून पहाटे उठून गेले होते, म्हणून ते जास्त लागलं. तेव्हापासून ती खूण माझ्या प्रत्येक फोटोत आहे.

तारीख ठरवताना कॅलेंडर समोर घ्या. ढोल-ताशा पथकात असाल तर गणपतीनंतर किमान तीन आठवडे जाऊ द्या. मिरवणुकीत रापलेला चेहरा आणि हातावरचे फोड दोन दिवसांत जात नाहीत. घरात लग्न असेल तर मेंदी उतरेपर्यंत थांबा, कारण हात फ्रेममध्ये कधी येईल सांगता येत नाही. संकष्टी किंवा नवरात्राच्या उपवासाचा दिवस घेऊ नका. रिकाम्या पोटी माणसाचे डोळे तिसऱ्या तासाला विझतात, आणि या फोटोत डोळे हेच सगळं असतं. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीची वेळही नको.

मग भूमिकांची यादी करा. "मी काहीही करू शकतो" हे खरं असेलही, पण त्याचा फोटो काढता येत नाही. तुमच्याकडे पाहून पटकन काय सुचतं ते शोधायचंय. त्यासाठी पाच जणांना विचारा, आणि त्यात आई, जवळची मैत्रीण किंवा तुमचा दिग्दर्शक नको. ऑफिसमधला नवा सहकारी, खालच्या मजल्यावरच्या काकू असं कुणीतरी. विचारायचं एवढंच: मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा मी काय काम करत असेन असं वाटलं? मला पाचापैकी तिघांनी "शिक्षिका किंवा नर्स" असं सांगितलं. मी आठ वर्षं प्रायोगिक नाटकांत बंडखोर बायका करत होते, त्यामुळे मला ते रुचलं नव्हतं. पण पुढच्या वर्षभरात आलेली पहिली तीन कामं एक हेडमिस्ट्रेस, एक मेट्रन आणि एक बँकेतली बाई अशी होती. मिळालेल्या उत्तरांमधून दोन किंवा तीन लूक ठरवा, चौथा नको. एका सेशनमध्ये चार-पाच लूक कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला घाईच येते.

कपडे त्या यादीवरून निघतात. पोलिसाची वर्दी, डॉक्टरचा कोट, नऊवारी असलं काही घालू नका. इन्स्पेक्टरची शक्यता दाखवायची तर मातकट रंगाचा कडक कॉलरचा शर्ट आणि ताठ मान पुरते. रंग एकरंगी आणि थोडे गडद घ्या: विटकरी, गडद निळा, शेवाळी, वांगी. अगदी पांढराशुभ्र कपडा चेहऱ्याच्या आधी दिसतो. बारीक चौकडी किंवा जवळजवळ रेघांचं कापड टाळा, कारण कापडाची वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर आली की फोटोत लाटांसारखे पट्टे उमटतात आणि ते एडिटिंगमध्येही नीट जात नाहीत. चकाकणारं सिल्क आणि छापील अक्षरांचे टी-शर्ट घरीच राहू द्या. सुती, खादी, हातमाग उत्तम. नवीन काही घ्यायची गरज नाही. घ्यायचंच असेल तर लक्ष्मी रोडवर जाऊन आणा, पण सेशनच्या आधी दोनदा घाला, म्हणजे गळा कुठे ओढतो ते कळेल. आरशासमोर बसूनही बघा. हेडशॉट छातीपासून वर असतो, त्यामुळे गळ्याचा आकार आणि खांद्याची शिवण हेच तुमचे कपडे.

फोटोग्राफर निवडताना त्याने काढलेले किमान वीस चेहरे बघा आणि एकच गोष्ट तपासा: वीसही माणसं वेगवेगळी दिसताहेत का? सगळ्यांची कातडी एकसारखी गुळगुळीत आणि सगळे एकसारखे गोरे असतील तर तिथे जाऊ नका, लग्नाचे अल्बम कितीही सुंदर असोत. बोलताना आधीच स्पष्ट सांगा, रंग उजळ करायचा नाही. हे सांगायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता, पण सावळ्या माणसाला गोरं करून पाठवलेला फोटो त्याचंच काम घालवतो. किती तास, किती लूक, किती फोटो एडिट करून मिळणार, न एडिट केलेले निवडीसाठी दाखवणार का, मेकअपचे पैसे वेगळे का, हे सगळं व्हॉट्सअॅपवर का होईना पण लेखी घ्या. कॉपीराइटबद्दलही विचारून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, तुम्ही मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतलेत आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला हक्क तुमचा असतो. वेगळं काही लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. आणि "काम नक्की देतो, पण पोर्टफोलिओ आमच्याकडूनच काढावा लागेल" असं कुणी म्हणालं की तिथून उठा.

चेहऱ्यावर पंधरा दिवस काहीही नवीन लावायचं नाही, ना क्रीम, ना साबण, ना कुणी सांगितलेला लेप. फेशियल करायचंच असेल तर आठवडाभर आधी. मी एकदा दोन दिवस आधी ब्लीच करून घेतलं, गालावर पुरळ उठली आणि सेशन पुढे ढकलावं लागलं. केस आठ-दहा दिवस आधी कापा, म्हणजे नवेपणा जातो. थ्रेडिंग तीन-चार दिवस आधी. मुलांनी दाढी वाढवलेली असेल तर ती तशीच घेऊन जा: आधी पूर्ण दाढीचे फोटो, मग ट्रिमरने बारीक करून, आणि क्लीन शेव्ह अगदी शेवटी. उलट क्रमाने जाता येत नाही. चष्मा लावत असाल तर दोन्ही प्रकारे फोटो हवेत. नेहमीच्या चष्मेवाल्याकडून तशीच एक फ्रेम काचा काढून घ्या, दिव्यांचं प्रतिबिंब पडत नाही.

यापेक्षा मोठं काम म्हणजे सराव, आणि तोच कुणी करत नाही. आपण रंगमंचावरची माणसं. बालगंधर्वच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला कळावं म्हणून हनुवटी वर ठेवायची, भुवया उचलायच्या, श्वास मोठा घ्यायचा, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की लेन्स दीड-दोन मीटरवर असली तरी शरीर बाल्कनीकडेच बोलत राहतं. फोटोत मग नाकपुड्या दिसतात आणि कपाळावर आठ्या. घरी खिडकीशी बसा, उजेड समोरून येऊ द्या, ट्यूबलाइट बंद करा. मोबाइल हातभर अंतरावर धरू नका. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. मित्राला सहा फूट लांब उभं करून थोडा झूम करायला सांगा. आता हनुवटी किंचित पुढे काढा आणि केसभर खाली घ्या. विचित्र वाटेल, पण जबड्याची रेघ स्वच्छ होते.

त्यानंतर चेहऱ्याने काहीही करू नका, फक्त मनात एक वाक्य म्हणा. मी एका चिठ्ठीवर अशी सात-आठ वाक्यं लिहून नेते. "तू खोटं बोलतोयस हे मला माहितेय, पण मी आत्ता काही बोलणार नाही." "अगं, तू? इथे?" "बाळा, जेवलास का?" वाक्य मनात पूर्ण होण्याच्या जरा आधी डोळ्यांत काहीतरी हलतं, खालची पापणी किंचित वर येते. तो क्षण हवाय. वाक्य संपलं की चेहरा पाटीसारखा कोरा होतो, मग पुढचं वाक्य घ्यायचं. "हसा" म्हटल्यावर आलेलं हसू आणि "अगं, तू?" मधून आलेलं हसू शेजारी ठेवून बघा, पहिल्यात दात असतात, दुसऱ्यात डोळे. रोज दहा मिनिटं, दहा दिवस. तुमचा चेहरा कुठल्या बाजूने जास्त बोलतो तेही यातच कळेल.

आदल्या दिवशी लोणचं, पापड, बाकरवडी बाजूला ठेवा, खारट खाल्लं की सकाळी डोळ्यांखाली सूज येते. दारू अजिबात नको. कपडे कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीतून इस्त्री करून हँगरवर आणा, घडी घालू नका. पिशवीत सेफ्टीपिना, कंगवा, टिश्यू, पाण्याची बाटली, ओठांसाठी व्हॅसलीन, कपड्यावरचे केस काढायला चिकटपट्टी, कातडीच्या रंगाची आणि काळी अशी दोन्ही अंतर्वस्त्रं, चिठ्ठी, आणि दोन केळी. साडेसात तास झोपा.

त्या दिवशी स्कूटी घेऊ नका. हे पुण्यात मुद्दाम सांगावं लागतं. स्कार्फ घट्ट बांधून कर्वे रोडवरून वीस मिनिटं गेलात की नाकावर आणि कपाळावर वळ उमटतात, हेल्मेटने केस चपटे होतात, आणि धुराने डोळे लाल. रिक्षा करा, कपडे मांडीवर आडवे ठेवा, अर्धा तास आधी पोहोचा. बाहेर फोटो काढायचे असतील तर सकाळी लवकरची वेळ घ्या आणि सावलीत उभे राहा. एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकातला उजेड फार मऊ असतो, मालकांना आधी विचारून ठेवा. मागे शनिवारवाडा दिसण्याची काही गरज नाही.

सेशनमध्ये पहिली वीस मिनिटं वाया जातात, ती जाऊ द्या. अंग सैल झाल्यावर फोटोग्राफरला पडद्यावर चार-सहा फोटो दाखवायला सांगा, एकदाच. सारखं बघत राहिलात तर दिग्दर्शक आणि नट दोन्ही तुम्हीच होता. मेकअप इतकाच, की चकाकी जावी.

फोटो आले की त्याच दिवशी निवडू नका. दोन दिवसांनी बघा, आणि नाटकातल्या नसलेल्या एकाला शेजारी बसवा. फोटो अंगठ्याएवढा करून बघा, कारण कास्टिंगवाले तो तसाच बघतात. तेव्हाही डोळे दिसले पाहिजेत. रिटचिंगमध्ये त्या आठवड्यात आलेली पुटकुळी काढायला हरकत नाही. तीळ, व्रण, डोळ्यांखालच्या रेघा, पांढरा केस तसाच राहू द्या. सोबत मिड शॉट (कमरेपासून वरचा) आणि फुल लेंथ (डोक्यापासून पायापर्यंतचा) असा एकेक फोटो ठेवा. फाइलला नाव, उंची आणि महिना-वर्ष असं नाव द्या, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन डोळ्यांतली सगळी बारकाई जाते. वर्ष-दीड वर्षाने फोटो नवे करा. मधेच एखाद्या भूमिकेसाठी केस कापले, दाढी काढली, वजन बदललं, तर त्याच संध्याकाळी खिडकीशी बसून मोबाइलवर दोन साधे फोटो काढा आणि तारीख घालून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.